लाल खुर्चीतली फिकुन

आत्या : काचेला बोटं लावू नकोस, फाई. आत्ताच फडकं मारलंय मी. तालुक्यापासून दोन बस बदलून छातीशी धरून आणलाय फोटो, तान्हं लेकरू आणावं तसा.

फाई : आत्या, ही फिकुनताई नाही.

आत्या : मग कोण, माझी सासू?

फाई : असेलही. कुणीही असू शकेल ही.

आत्या : हे बघ, पाठची बहीण तू. ती गेली, त्यात हे अंगावरचं बाळ, झोप नाही. डोकं ठिकाणावर राहात नाही माणसाचं. अगं, माझ्या डोळ्यांदेखत केलं स्टुडिओवाल्यानं. ओळखपत्रावरचा तिचा चेहरा उचलला, खाली गुलाबी रेशमी सूट लावला, गळ्यात मोती घातले. वर रंग उजळून दिला तो फुकटात.

फाई : नाकही उजळलं का?

आत्या : नाक जरा सरळ केलं. शवपेटीपुढे मांडायचा फोटो असतो बाई, चार लोक हात जोडणार. गावप्रमुखाच्या आईचा नव्हता का, किती शोभत होता?

फाई : तिच्याही अंगावर हाच सूट होता. हेच मोती. खांद्यावर हीच चुणी. आपल्या गावातली प्रत्येक बाई मेली की या एकाच सुटात शिरते, आत्या.

आत्या : शिरू दे. वर गेल्यावर कोण कुणाचे कपडे बघत बसतंय? आणि तू आधी बाळाकडे बघ. मढ्याच्या घरात तान्ही पोर उघडी घेऊन फिरतेस. कपाळाला काजळी लावलीस?

फाई : आईनं लावली, भाताच्या हंडीखालची. माझ्या अंगाला पुसली गेली म्हणून मी परत लावली. जरा हात लावून बघता का हिला? मला मघापासून गरम लागतंय अंग.

आत्या : गरमच असतं लेकरू. गार लागलं तर घाबरावं. कॉलेजात एवढंही शिकवत नाहीत?

फाई : नाही शिकवत.

आत्या : काय शिकवतात मग? मेलेल्या बहिणीच्या फोटोला नावं ठेवायला? ती बघ तुझी आई आली. तिला नको सांगू काही. खमपुन, ये. ताट ठेवलंस का?

आई : तसंच आहे ताट.

आत्या : म्हणजे?

आई : फिकुनची मुक खांबामागं बसलीय. हाक मारत नाही म्हणते. सकाळचं ताटही परत आणलं मी. आता हे दुपारचं.

आत्या : काल तर चांगली मारली की हाक! पेटीवर टकटक केली, "आई, जेवायला ये" म्हणाली, सगळ्या बाया रडल्या. आज काय झालं?

आई : काल फोटो नव्हता.

फाई : काय म्हणते ती, आई?

आई : म्हणते, टकटक केली की त्या गुलाबी बाई उठून येतील. आईचं जेवण त्या खातील.

आत्या : ऐका! दोन चापट्या द्या, येईल ताळ्यावर.

आई : वन्सं, तिची आई गेलीय.

आत्या : ते मला कळतं गं. पण पोटच्या पोरीनं बोलवल्याशिवाय मेलेलं माणूस जेवायचं नाही. परवा जाळायचं तिला. तोवर उपाशी ठेवता का? तूच मार मग हाक.

आई : मी कशी मारू? आई का लेकीच्या पेटीपुढं वाकते? लेकीनं माझ्या पेटीवर वाजवायचं होतं.

फाई : आई, बस जरा. पाणी पी. तू काल संध्याकाळपासून काही खाल्लं नाहीस.

आई : तिनं खाल्लं नाही तर मी काय खाऊ? कच्ची पपई कुटलीय तिच्यासाठी. आंबलेली मासळी घालून, तिला आवडायची तशी. तिकडं बर्फाच्या देशात त्या फरंगच्या, गोऱ्या नवऱ्याच्या घरी मासळीचा वास चालायचा नाही म्हणे. अंगणात उभं राहून खायची ती. बर्फात.

आत्या : कोणी सांगितलं होतं फरंगशी लग्न करायला?

फाई : आत्या.

आत्या : का? मी एकटीच म्हणते का? काल मढ्याला दोरे बांधताना सगळ्यांच्या मनात तेच होतं. गावातले जाणते लुंग साएंग विचारतायत, गळ्यातला दोरा लेकराच्या नावाचा, तो मुकचा बांधला. पायातला धनदौलतीचा, तोही बांधला. हातातला जोडीदाराचा, तो कुणाच्या नावानं बांधू? आणि तुम्ही दोघी गप्प. मीच म्हणाले शेवटी, फरंगच्या नावानं बांधा.

फाई : त्यानं हिला घराबाहेर काढलं होतं, आत्या. आजारी पडली तेव्हा.

आत्या : मग काय हात मोकळे सोडायचे? लोकांनी विचारलं असतं, हिला कोण होतं? आधीच पटायाच्या बारचं माहीत आहे सगळ्यांना.

आई : लोकांचं जेवण चाललंय खाली. हळू बोला.

फाई : त्यांनाही माहीत आहे, आई. आणि ते जेवतायत त्या फरशीवरच. ही फरशी कुठल्या पैशातून आली हेही माहीत आहे त्यांना. फक्त बोलताना दोन्ही गोष्टी एका वाक्यात आणत नाहीत.

आत्या : तुझं कॉलेजही तिथूनच आलं, बाई.

फाई : हो. तिथूनच आलं. म्हणून तर बोलतेय. आई, एक सांगू? रागावू नकोस. मुकला त्या फोटोपुढे नको बसवू. दुसरं आहे आपल्याकडे.

आई : दुसरं काय?

फाई : तुला माहीत आहे.

आई : नाही.

फाई : खाली, तुझ्या मागाशेजारी, भिंतीला टेकून ठेवलंय. जुन्या लुंगीत गुंडाळून.

आई : ते नको.

फाई : तू बघितलंही नाहीस अजून.

आई : बघायचं नाही मला. तुम्ही दोघी उन्हाळाभर बसला होता तिथं, ती खुर्चीत अन तू त्या रंगांपुढं. मी पाठ फिरवून सूत भरत होते. एकदा तरी वळले का?

फाई : नाही वळलीस.

आत्या : मी बघितलंय घाईघाईत. खमपुन, न बघितलंस तेच बरं. सांगते तुला, काळीठिक्कर काढलीय पोरीला. केस बांधलेले कसेतरी. अंगावर शेतात जायचा निळा सदरा. आणि बसलीय कशी, तर विहारातल्या मोठ्या महाराजांच्या तसबिरीसारखी, समोर बघत, दोन्ही हात गुडघ्यांवर. खुर्ची कुठली? लाल प्लास्टिकची! लग्नात भाड्यानं आणतात ती! पाय अनवाणी, चिखलानं भरलेले, आणि त्या चिखलात नखांना लाल रंग. अर्धा उडालेला. देवा रे! जिवंतपणी रंगवायची ते चाललं, मेल्यावर लाल नखं घेऊन भिक्खूंपुढे बसवणार?

फाई : दोन्ही तिचेच होते ना, आत्या? चिखल पण आणि रंग पण. कुठला एक पुसू?

आत्या : आणि हसत नाही! एवढी हसरी पोर आमची, आणि चित्रात तोंड कसं, तर दुकान बंद केल्यासारखं.

फाई : ते तिनंच सांगितलं होतं मला.

आई : काय सांगितलं होतं?

फाई : पहिल्याच दिवशी. मी म्हटलं, ताई, थोडी हस. ती म्हणाली, "हसणं ही माझी नोकरी होती, फाई. चित्रात तरी सुट्टी दे."

आई : असं म्हणाली?

फाई : हसतच म्हणाली.

आत्या : घ्या.

फाई : बँकॉकच्या एका प्रदर्शनाला पाठवलं होतं मी ते चित्र. परत आलं. तिथला माणूस फोनवर म्हणाला, ईसानची, म्हणजे आपल्या मुलखातली बाई काढायची तर भाताच्या पेंढीबरोबर हसती काढा, नाहीतर बारच्या दिव्याखाली रडती. ही नुसतीच बसलीय. बघणाऱ्यानं काय समजायचं? मला इतका राग आला, बाळ पोटात होतं तेव्हा, मी रडायलाच लागले. आणि ताई खोकला येईपर्यंत हसली. म्हणाली, "त्याला सांग, दमलेय म्हणून बसलेय."

आई : दमायचीच ती. लहानपणीही. बांधावर बसायची, उठायची नाही. मी ओरडायचे.

फाई : शेवटच्या आठवड्यात तिनं माझा हात धरला होता, आई. म्हणाली, तेच ठेव पुढे. मुकला ओळखू यायला हवी मी. मी हो म्हटलं. आणि आज सकाळी आत्या फोटो घेऊन आल्या, लोकांनी पटकन तो मांडलाही, आणि मी बाळाला पाजायच्या निमित्तानं आत जाऊन बसले. भ्यायले मी. वाटलं, आज लोक ताईला बोलतील, उद्या माझ्या पोरीला. बँकॉकला शिकायला गेली तर पहिल्याच दिवशी कुणीतरी विचारेल, ईसानची का? मग मोलकरीण का ती दुसरी, बारमधली? मला विचारलं होतं. वर्गात. मीही हसले होते तेव्हा.

आत्या : मग गोरा फोटोच बरा की! कुणी विचारणार नाही.

फाई : तो फोटो म्हणजे त्यांचं म्हणणं कबूल केल्यासारखं आहे, आत्या. की हो, होती तशी चालली नसती, म्हणून पुसली.

आई : फाई.

फाई : काय?

आई : आण वर.

आत्या : खमपुन! बाया बसल्यात बाहेर.

आई : इथं आत आणू दे. मी बघते आधी. बाळ दे माझ्याकडं.

(फाई चित्र वर आणते, भिंतीला टेकवते आणि लुंगी काढते. बाहेर पपई कुटल्याचा आवाज.)

आत्या : बघ. मी म्हटलं नव्हतं?

आई : काळी आहे.

फाई : हो.

आई : माझ्यासारखी आहे.

फाई : हो, आई.

आई : मांडीवर काय आहे हे? मांजर?

फाई : घर. नीट बघ. आपलं घर आहे. निळं छप्पर, पाण्याचा रांजण, हा जिना. मांडीवर झोपलेल्या मांजरासारखं काढलंय, कारण त्याच्यामुळे तिला उठता येत नव्हतं.

आत्या : म्हणजे जगाला सांगितलंस, घर हिनं बांधलं. भाऊ काय करत होता मग? बाप काय करत होता?

फाई : मी ते काढलेलं नाही. विचारणाऱ्यानं विचारावं.

आई : आणि हे हातावर? कोपरापर्यंत. पट्ट्या आहेत का? दवाखान्यातल्या?

फाई : दोरे. ती जायला निघाली की तू मनगटावर बांधायचीस ते. प्रत्येक वेळी. ती कधी कापायची नाही, आपोआप गळायचे. मी एकही गळू दिला नाही. म्हणून कोपरापर्यंत आलेत.

आई : इतक्या वेळा गेली?

फाई : आणि प्रत्येक दोऱ्याचं दुसरं टोक कुठेतरी गेलंय, बघ. हा धाकट्या भावाच्या ट्रॅक्टरकडे. हा माझ्या ब्रशकडे. हा मुकच्या दप्तराकडे.

आत्या : थांब, थांब. हा कुणाचा? हा खाली चष्म्याकडे गेलाय तो?

फाई : तुमचा, आत्या.

आत्या : माझा? मी कशाला आले यात?

फाई : तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन.

आत्या : ते तर... ते कुणाला माहीत नाही गावात. मी सरकारी म्हणून सांगितलंय.

फाई : चित्रातही नाव नाही लिहिलं. नुसता चष्मा आहे.

आत्या : दांडीला दोरा गुंडाळलेला चष्मा गावात एकटीचाच आहे माझा. चांगला काढलायस पण. अगदी असाच आहे. ती दवाखान्यात आली होती माझ्याबरोबर. पट्टी सोडली तेव्हा पहिलं तोंड तिचंच दिसलं मला. असंच. म्हणजे... हसत नव्हती तेव्हा. काळजीत होती.

आई : फाई, माझा कुठला?

फाई : तुझा?

आई : काल लुंग साएंग बांधत होते. लेकराचा दोरा गळ्यात, जोडीदाराचा हातात, दौलतीचा पायात. मी उभीच होते. मनात म्हटलं, आईचा कुठं बांधतात? कुणी विचारलंच नाही. मेल्यावर आईचा दोरा नसतोच म्हणे. आई आधी गेलेली असते ना.

फाई : हा बघ. उजव्या हातात.

आई : मूठ आहे ती.

फाई : मुठीत आहे. जवळ ये. बोटांमधून बाहेर आलाय, बघ, आणि इथून चित्राच्या कडेपर्यंत गेलाय. पुढे चित्र संपलंय.

आई : पुढं कुठं गेलाय?

फाई : पुढे तू बसली होतीस. पाठ फिरवून, सूत भरत.

आई : काय म्हणतेस?

फाई : खुर्चीशेजारी तुझा सुताचा गुंडा असायचा. तू चरख्यावर ओढायचीस आणि तो गुंडा फिरायचा. ताईनं एक दिवस तो दोरा हातात घेतला. मग रोज घ्यायची. तू ओढशील तसा बोटांतून जाऊ द्यायची, मध्येच जरा धरून ठेवायची. मी म्हटलं, ताई, हात हलतोय, चित्र बिघडतंय. म्हणाली, "मग असाच काढ."

आई : ती होती?

फाई : हो.

आई : सूत सारखं अडकायचं माझं. उन्हाळाभर. ओढलं की अडकायचं, मग सुटायचं. मला वाटायचं मांजर खेळतंय. मी शिव्या घालायचे त्याला. न बघता मागं चप्पल फेकली होती एकदा.

फाई : ताईच्या पायाला लागली होती.

आई : बोलली का नाही?

फाई : आम्ही दोघी तोंड दाबून हसत होतो. आणि मग ती रडायला लागली. मला म्हणाली, हे नको काढू.

आत्या : दे बाळ माझ्याकडे, खमपुन. ये गं, ये, आजीकडे ये.

आई : बाकीचे सगळे बांधलेत.

फाई : हो.

आई : हा बांधलेला नाही.

फाई : नाही. हा धरलाय तिनं.

आई : म्हणजे सोडता आला असता तिला.

फाई : कधीही.

आई : पहिल्यांदा गेली तेव्हा मी गाठ मारली मनगटावर. घट्ट. म्हटलं, जा, आणि परत ये. सोबत न्यायला आलेली ती बाई बाहेर उभी होती, अत्तराचा वास येत होता तिचा, इथपर्यंत. मी विचारलं नाही, कुठं नेतेस. भात संपला होता. मी फक्त गाठ घट्ट मारली. मला वाटलं, तेवढं पुरेल.

फाई : आई...

आई : नको. बाया ऐकतील. हे कशावर ठेवायचं? फोटोच्या तिपाईवर नाही मावणार.

आत्या : खरंच ठेवणार? भिक्खू येतील संध्याकाळी. गावप्रमुख येतील. त्यांच्या आईचा फोटो असाच करून आणला होता त्यांनी, त्यांना वाटेल आपण...

आई : वन्सं, तुम्ही गुलाबी फोटोही ठेवा. शेजारी. तुम्ही एवढा उराशी धरून आणलात. ज्याला ज्याच्यापुढं हात जोडायचे त्यानं तिथं जोडावेत.

आत्या : नको. दोन-दोन कशाला. लोक म्हणतील, मेल्या किती या घरात? मी... मी आत कपाटावर ठेवते तो. माझ्या वेळेला उपयोगी पडेल. फक्त चेहरा बदलायचा.

फाई : आत्या, तुमच्या वेळेला मी काढेन चित्र.

आत्या : चष्म्यासकट?

फाई : चष्म्यासकट.

आत्या : थोडी गोरी काढ पण. थोडीशीच. बरं, हे ठेवायचं कशावर?

आई : तिची खुर्ची कुठंय?

फाई : लाल? खाली अंगणात. लुंग साएंग बसलेत तिच्यावर जेवायला.

आई : त्यांना चटईवर बसव. म्हणावं, फिकुनची खुर्ची आहे, फिकुनला हवीय.

आत्या : मी आणते. तुम्ही दोघी चित्र धरा. आणि त्या बायांपुढे आधी मी बोलते. मी सांगते त्यांना. काय सांगू?

फाई : सांगा, दमलीय म्हणून बसलीय.

आत्या : एवढंच?

आई : एवढंच पुरे.

फाई : जरा तिरकं धर, आई. दाराला घासेल. हळू. हं. आता खाली. मुक बघतेय खांबामागून.

आई : बघू दे. बोलवू नकोस अजून.

फाई : उठली. पायाकडे बघतेय. नखांकडे. ती नखं तिनंच रंगवली होती, आई. मुकनं. खाली बसून, जीभ बाहेर काढून. दर रविवारी.

आई : मुक, ये बाळा. ये इकडं. ही कोण?... हं. रडू नको. आधी जेवायला बोलवू तिला, मग आपण दोघी रडू. ताट दे गं फाई. पपई वर ठेव, दिसेल अशी. आता हात दे तुझा. वाजव.

फाई : आई, तू? तू वाजवणार?

आई : तिचा हात एवढासा आहे. आवाज पोचायचा नाही आतपर्यंत. माझा धर वरून, मुक. अशी. दोघी मिळून.

फाई : वाजवा.

आई : फिकुन... ऊठ, बाळा. भात निवतोय. जेवायला ये. हसायला नको, नुसती ये.